वाचक विचारतात: न्युरेंबर्गचा ख्रिसमस बाजार, २५ तारखेला गेलो तर?

प्रश्न: ताई, मुलगा जर्मनीत एर्लांगेनला शिकतोय. आम्ही दोघं आणि सासूबाई (वय ७२, गुडघे दुखतात) डिसेंबरात त्याच्याकडे जाणार आहोत. मिस्टरांची सुट्टी २३ पासून, म्हणजे २४ ला रात्री पोचायचं, २५ ला न्युरेंबर्गचा फेमस ख्रिसमस बाजार बघायचा आणि मग आठवड्याभरात साल्झबर्ग, व्हिएन्ना, प्राग असे सगळे बाजार करायचे असा प्लॅन आहे. जमेल का? आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही.
– एक वाचक, ठाणे

उत्तर: काकू, तिकिटं काढली नसतील तर आधी थांबा. न्युरेंबर्गचा बाजार २४ डिसेंबरला दुपारी २ वाजता संपतो, म्हणजे तुम्ही २५ ला तिथे जाल तेव्हा चौक रिकामा, दुकानं बंद, आणि २६ लाही सुट्टीच. आपल्याकडून जाणारे खूप जण इथे फसतात, कारण आपल्याला वाटतं ख्रिसमसचा बाजार म्हणजे ख्रिसमसच्या दिवशी जोरात असणार, पण तिकडे हा सगळा माहोल ख्रिसमसच्या आधीच्या चार आठवड्यांचा, ज्याला अ‍ॅडव्हेंट म्हणतात. पहिल्या अ‍ॅडव्हेंट रविवारच्या आधीच्या शुक्रवारी बाजार उघडतो. मिस्टरांना सुट्टी आठ-दहा दिवस अलीकडे घेता आली तर सगळा प्रश्नच सुटतो, अगदी बॉसकडे हट्ट करायला लावा. नाहीच जमलं तर २५ नंतर प्रागला जा, तिथला जुन्या शहरातला बाजार ६ जानेवारीपर्यंत असतो.

आणि चार शहरं एका आठवड्यात करू नका हो! सासूबाईंचे गुडघे, बॅगा, गाड्या बदलणं, थंडी, आणि शेवटी सगळीकडे लाकडी स्टॉल आणि लाइटिंगच दिसतं, कुठलं शहर होतं तेही लक्षात राहत नाही. मी म्हणेन एकच शहर धरा आणि ते नीट बघा. न्युरेंबर्ग एर्लांगेनपासून ट्रेनने साधारण २० मिनिटांवर आहे, म्हणजे मुलाकडे राहून दोन-तीनदा आरामात जाता येईल.

वीकेंड टाळा, शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. मधल्या वारी सकाळी ११ च्या सुमारास हाउप्टमार्क्टला, म्हणजे जिथे बाजार भरतो त्या मुख्य चौकात पोचा. बरोबर १२ वाजता फ्राउएनकिर्शे या चर्चच्या घड्याळातून सम्राटाची निवड करणाऱ्या सात मानकऱ्यांच्या बाहुल्या बाहेर येतात आणि सम्राट चौथ्या चार्ल्सभोवती तीन फेऱ्या मारतात, घड्याळ १५०९ चं आहे, खूप गोड प्रकार आहे आणि सासूबाईंना खाली उभ्या उभ्या दिसेल. याच चर्चच्या सज्जातून उद्घाटनाला क्रिस्टकिंड, म्हणजे सोनेरी केसांची, मुकुट घातलेली शहरातलीच एक तरुण मुलगी, स्वागताचं काव्य म्हणते, दर दोन वर्षांनी तिची निवड होते. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छपरांचे स्टॉल असतात, त्यात वाळवलेल्या प्लमच्या बाहुल्या मिळतात, अक्रोडाचं डोकं, प्लमचे हातपाय, त्या नक्की बघा, प्लॅस्टिकचं काही घेण्यापेक्षा ही एक घ्या.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ज्या चौकात तुम्ही फिरणार आहात तिथे १३४९ पर्यंत ज्यूंची वस्ती होती. चौक मोकळा करायला ती पाडली, माणसं मारली, आणि सिनॅगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या जागी हे चर्च उभं राहिलं, परवानगी याच चौथ्या चार्ल्सची. पुढे नाझींचे मोठे मेळावे याच शहरात, आणि २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जवळजवळ सगळं गेलं. आज जे जुनं दिसतं त्यातलं बरंचसं नंतर पुन्हा उभारलेलं आहे, लोकांनी दगड दगड जोडून उभारलंय. म्हणून मुलाला घेऊन एक अर्धा दिवस कोर्टरूम ६०० ला द्या, जिथे नोव्हेंबर १९४५ पासून नाझी नेत्यांवर खटला चालला, यू-१ मेट्रोने बेरेनशान्त्सं स्टेशनला उतरायचं. नुसता बाजार बघून परत आलात तर अर्धंच शहर बघितलं असं मी म्हणेन.

न्युरेंबर्गच्या किल्ल्याचा चढ सासूबाईंना नको, दगडी फरशी आहे आणि बर्फ पडलं तर घसरतं. त्यांना खालीच एखाद्या कॅफेत बसवा आणि तुम्ही दोघं वर जाऊन या. सूर्य सव्वाचारला मावळतो, मग दिवे लागतात, तेवढं बघून गर्दी वाढायच्या आत निघा.

खाण्याचं सांगते. तिथलं खास म्हणजे बोटाएवढे सॉसेज, तीन एका पावात, ते डुकराचं मांस, तेव्हा तुमच्या कामाचं नाही. लेबकुखन नावाचा मसालेदार केक प्रसिद्ध, त्यातल्या चांगल्या एलिझेन प्रकारात निदान २५ टक्के सुकामेवा आणि पीठ १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, पण त्यात अंडं असतं, बटाट्याच्या पॅनकेकमध्येही बहुतेक असतंच. तुम्हाला भाजलेले चेस्टनट, साखरेत परतलेले गरम बदाम, मशरूम (बेकन नाही ना, विचारून घ्या) हे चालेल. दुपारचं जेवण मात्र मुलाच्या घरून डब्यात न्या, पोळीभाजी सगळ्यात सेफ. वाइन नको असेल तर ‘किंडरपुन्श’ मागा, मुलांसाठीचं बिनदारूचं गरम पेय. मगसाठी थोडं डिपॉझिट घेतात, मग परत दिला की पैसे परत, नाहीतर आठवण म्हणून ठेवा.

प्रश्न: व्हिसा कधी टाकावा? पहिल्यांदाच युरोपला जातोय. – एक वाचक, नाशिक

उत्तर: शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी केलेला असावा लागतो, पण डिसेंबरसाठी अपॉइंटमेंट पटापट भरतात, त्यामुळे गणपतीच्या आसपासच कामाला लागा. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो.