उत्तर : एक्स-रे नॉर्मल, तरी हात वर का जात नाही?

ताई, तुमचं वाचलं आणि माझाच जुना केस पेपर कुणीतरी वाचून दाखवतंय असं वाटलं. बाथरूममध्ये पाय घसरला, पडताना नळ धरला, खांद्याला हिसका बसला. एक्स-रे नॉर्मल. वय 54 आणि शुगर, म्हणून शिक्का ‘फ्रोजन शोल्डर’. तीन आठवडे दोरी-पुली चालू आहे, हात कानापर्यंत जात नाही आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही.

मी डॉक्टर नाही, आणि खांदा न तपासता कुणीच खात्रीने सांगू नये. पण एक प्रश्न तुम्हाला कुणी विचारलेला दिसत नाही : दुसऱ्याने उचलला तर हात वर जातो का?

फ्रोजन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचं आवरणच आखडतं. तुम्ही उचला नाहीतर दुसरा उचलो, हात साधारण त्याच जागी अडतो. रोटेटर कफचं (खांद्याभोवतीच्या, हात उचलणाऱ्या-वळवणाऱ्या स्नायूंच्या गटाचं) टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, फाटलं असेल तर गोष्ट उलटी : रहाट मोकळा फिरतो, दोर तुटलेला असतो. दुसऱ्याने उचलला तर हात जातो, सोडला की धपकन खाली येतो.

घरी एवढंच बघा. खुर्चीत बसून कोपर अंगाला लावा, काटकोनात वाकवा आणि घरच्या कुणाला तरी मनगट धरून हात हळूच बाहेरच्या बाजूला वळवू द्या. दुसऱ्या खांद्याइतकाच वळला, तर फ्रोजन शोल्डर म्हणणाऱ्याला परत विचारायला हवं. आणि तिथे सोडल्यावर हात टिकत नसेल, आपोआप पोटाकडे येत असेल, तर मागचं टेंडन गेल्याची दाट शंका. जबरदस्ती मात्र नको. दुखलं की थांबा.

आता माझा राग. एक्स-रेत हाड दिसतं, टेंडन दिसत नाही. ‘नॉर्मल’ याचा अर्थ हाड मोडलेलं दिसलं नाही, एवढाच. (बारीक, न सरकलेली चीरसुद्धा कधी कधी निसटते.) तरी त्या एका शब्दावर माझी फाइल बंद झाली आणि एका केंद्रात दहा सिटिंगचं पॅकेज गळ्यात पडलं : शेक, आयएफटी (दुखण्यावर सौम्य वीजप्रवाह), पुली, छापील कागद. दहाही वेळा हात कुणी उचलून पाहिला नाही. पॅकेज संपलं की पुढचं पॅकेज. पैशाचं सोडा, वेळ गेला त्याचं काय? पडल्यामुळे पूर्ण फाटलेलं टेंडन हळूहळू आत ओढलं जातं, मागे स्नायूत चरबी भरते, आणि ती चरबी नंतर शिवूनही मागे हटत नाही. जे टेंडन पहिल्या काही आठवड्यांत सहज जागेवर येतं, ते चार-सहा महिन्यांनी ताणून आणावं लागतं. म्हणून पडल्यावर हात उचलण्याची ताकदच गेली असेल तर दोन-तीन आठवड्यांच्या वर ‘बघू’ म्हणत बसू नये. सोनोग्राफी किंवा एमआरआय करून खांद्याचं काम करणाऱ्या सर्जनला दाखवावं. खांद्याची सोनोग्राफी चांगली आणि स्वस्त, पण करणाऱ्याचा हात त्यात बसलेला हवा.

मात्र फाटलं म्हणजे ऑपरेशनच, असंही नाही. साठीनंतर कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये फाटलेलं टेंडन दिसतं आणि त्यांना काहीच होत नसतं. न पडता, झिजून फाटलेल्यांची अमेरिकेत ‘मून’ या खांद्याच्या सर्जनांच्या संशोधन गटाने पाहणी केली. त्यात व्यायामावर राहिलेल्यांपैकी दोन वर्षांत चौघांतल्या एकाहूनही कमी जणांनी ऑपरेशन करून घेतलं. तुमचं प्रकरण पडण्याचं आहे म्हणून मी घाई करतोय, एरवी बारा आठवडे नीट व्यायाम हाच पहिला उपाय.

नीट म्हणजे काय, तर पुलीने हात वर खेचणं नव्हे. टेबलावर रुमाल ठेवून हात पुढे सरकवणं, खांद्याची पाती मागे आवळणं, आणि कोपर व अंग यांच्यामध्ये घडी घातलेला टॉवेल धरून सगळ्यात हलक्या रबर बँडने हात बाहेर वळवणं, दहाचे तीन फेरे. दुखणं दहापैकी तीन-चारच्या वर गेलं, किंवा रात्री ठणकलं, तर दुसऱ्या दिवशी फेरे कमी. उंच दोरीवर कपडे वाळत घालणं आणि लोकलचं हँडल त्या हाताने धरणं सध्या बंद. झोपताना उताणं, दंडाखाली उशी, म्हणजे कोपर मागे पडत नाही. माझ्या मते हे गोळीपेक्षा जास्त कामाचं.

स्टेरॉइड इंजेक्शन कुणी सुचवलं तर दोन गोष्टी. शुगर काही दिवस चढते, तेव्हा मोजत राहा. आणि ऑपरेशन ठरायची शक्यता असेल तर आधी सर्जनला विचारा, कारण ते जवळच्या काळात दिलं तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. दुखणं थांबलं म्हणजे टेंडन जुळलं, असं समजून बादली उचलू नका.

दुर्बिणीतून शिवलंच तर साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत. टेंडन हाडाला धरायला बारा आठवडे लागतात, तोवर ताकदीचे व्यायाम नाहीत. कुणी ‘महिन्यात कामावर’ म्हणालं तर कोणतं काम ते विचारा. टेबलावरचं असेल तर ठीक.

अजून एक, विम्यासाठी. केस पेपरवर पडल्याची तारीख आणि ‘पडल्यानंतर हात उचलता येत नाही’ हे आजच लिहून घ्या. नुसतं ‘खांदेदुखी, मधुमेह’ लिहिलं की दुखणं जुनं ठरवतात, आणि मग तारीख शोधत काउंटरवर आपणच उभे.