मिरग लागला की मीठ का पाझरतं?

प्रश्न : पाऊस सुरू झाला की आमच्या बरणीतलं खडे मीठ पाणी सोडतं. तळाचं पाणी कडवट लागतं. ते आमटीत घातलं तर चालेल का? – एक वाचक, देवगड

उत्तर : नको. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलावा ओढतं. खडे मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडचाही अंश असतो आणि तो जवळपास ३३ टक्क्यांनाच पाझरू लागतो. तुमचं कडवट पाणी मुख्यतः त्याचंच. लोणच्यात तर ते अजिबात घालू नका, चव जाते. पाणी मिसळून माडाच्या आळ्यात ओता.

ते निथळून गेलेलं मीठ उलट चांगलं. रात्रभर स्टीलच्या चाळणीत ठेवा, खाली वाडगा. सकाळी स्टीलच्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं हलवत परता. लोखंडाची कढई घेऊ नका, गंजते. मीठ पूर्ण गार झाल्यावरच भरा. कोमट असताना झाकलं तर उरलेल्या वाफेचा झाकणाला आतून घाम येतो आणि सगळी मेहनत वाया. आयोडीनयुक्त बारीक मीठ परतू नका, आयोडीन कमी होतं.

खरी चूक बहुतेक घरांत वेगळीच असते: मोठी बरणी रोज उघडणं. आठ दिवसांपुरतं मीठ छोट्या चिनी मातीच्या बरणीत काढा, त्यात चमचाभर भाजलेले तांदूळ टाका. बरणी चुलीजवळ, पेजेच्या वाफेत नको. चमचा लाकडी आणि कोरडा हवा.