तारखेनं मागायची गाणी

(वाचकांचे प्रश्न, न्यू जर्सीहून उत्तरं)

मागच्या अंकात ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन बँडचा जाता जाता उल्लेख केला आणि ‘यांचं गाणं नावानं नाही, तारखेनं मागायचं असतं’ असं लिहून मोकळा झालो. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. निम्मी ‘म्हणजे काय?’ विचारणारी, उरलेली रागावलेली. त्यातली काही इथे घेतोय.

माझे जावई बॉस्टनला असतात. गाडीत हा बँड लावतात. वीस मिनिटं झाली तरी गाणं संपत नाही. वर म्हणतात, ‘बाबा, हे ७७ चं आहे, ७२ चं अगदी वेगळं.’ मला दोन्ही सारखीच वाटतात. माझं काही चुकतंय का? — एक वाचक, ठाणे

चुकत काही नाही, जावईही ठीक आहेत. तुम्ही स्वतः कधी म्हणाला असालच की, ‘अमक्या वर्षीच्या सवाईतला पूरिया ऐका, नंतरचा तसा नाही.’ जावई तेच म्हणताहेत, फक्त गिटारवाल्यांबद्दल.

हा बँड १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत जमला आणि १९९५ पर्यंत वाजवत राहिला. तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम. आज काय वाजवायचं याची ठरलेली यादी नसायची. काल जे गाणं आठ मिनिटांत आटोपलं ते आज पंचवीस मिनिटं चालेल, किंवा मध्येच दुसऱ्याच गाण्यात शिरेल आणि अर्ध्या तासानं परत येऊन राहिलेलं कडवं पुरं करेल. त्यामुळे स्टुडिओतली रेकॉर्ड म्हणजे फार तर बंदिशीचं पुस्तक. खरा माल कार्यक्रमात.

जावयांना २७ ऑगस्ट १९७२, व्हेनेटा, ओरेगन, एवढंच सांगा. पुढचं त्यांना कळेल. एक दूध-दह्याची डेअरी डबघाईला आली होती, तिच्या मदतीसाठी हा उघड्या माळावरचा कार्यक्रम. तिकिटं दह्याच्या डब्याच्या लेबलांवर छापलेली. ऊन शंभर फॅरनहाइटच्या वर, गिटारी सारख्या उतरताहेत आणि हे लोक त्या जुळवत जुळवत वाजवताहेत. त्यातलं ‘डार्क स्टार’ अर्ध्या तासाचं आहे. पहिली दहा मिनिटं आलापी समजून ऐका, ताल शोधत बसू नका. तरीही कंटाळा आला, तर जावयांशी क्रिकेटवर बोला.

नशेबाज लोकांचं कौतुक आपल्या मासिकात कशाला? — एक वाचक, सोलापूर

नशा होती, भरपूर होती, आणि तिनं माणसं खाल्ली. सुरुवातीचा गायक पिगपेन दारूपायी शरीराची वाट लावून २७ व्या वर्षी गेला. बँडचा मुख्य गिटारवादक आणि गायक जेरी गार्सिया ऑगस्ट १९९५ मध्ये व्यसनमुक्ती केंद्रातच वारला, वय ५३. आता दुसरी बाजूही ऐका. याच बँडच्या चाहत्यांमध्ये व्यसन सोडलेल्यांचा एक गट होता, ‘व्हार्फ रॅट्स’. मध्यंतरात ते पिवळे फुगे बांधलेल्या टेबलाशी जमायचे. मी कधीच काही घेतलं नाही, त्यामुळे पुष्कळदा त्या फुग्यांपाशीच उभा असायचो. तिथल्या गप्पा उत्तम असायच्या.

‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संकेतस्थळावर या बँडच्या एकाच कार्यक्रमाची पाच-सहा रेकॉर्डिंगं दिसतात. काहींवर ‘साउंडबोर्ड’ लिहिलेलं असतं, काहींवर ‘ऑडियन्स’. साउंडबोर्ड स्वच्छ असेल तर दुसरी ठेवतात कशाला? — एक वाचक, डोंबिवली

या प्रश्नावर माझ्या घरात तीस वर्षं भांडण चालू आहे, तेव्हा उत्तर लांबेल.

साउंडबोर्ड म्हणजे सभागृहातल्या मिक्सरमधून, म्हणजे सगळे आवाज एकत्र आणून कमीजास्त करणाऱ्या यंत्रातून, थेट काढलेलं. वाद्यं वेगवेगळी, कोरीव. पण मिक्सर सभागृहासाठी जुळवलेला असतो. लहान हॉलमध्ये गिटारचा अँप्लिफायर आपापला पुरेसा वाजत असतो, म्हणून मिक्सरवर गिटार कमी आणि गळा जास्त. टेपवर मग गायक कानाशी आणि गिटार शेजारच्या वाड्यात. ऑडियन्स टेप म्हणजे प्रेक्षकातल्या कुणीतरी मायक्रोफोन उभारून केलेली. त्यात भिंतींवरून परतणारा आवाज, टाळ्या, मागच्याचा खोकला सगळं आलं. दोन्ही जुळवून एक केलेल्या टेपला मॅट्रिक्स म्हणतात, तीही ऐकून पाहा.

या बँडनं प्रेक्षकांना टेप करू दिलं, विकायचं नाही एवढ्या अटीवर. टेपर मंडळी इतकी वाढली की त्यांच्या मायक्रोफोनच्या काठ्यांमुळे मिक्सरवरच्या माणसालाच स्टेज दिसेना. मग ऑक्टोबर १९८४ पासून त्यांना मिक्सरच्या मागे स्वतंत्र जागा दिली, तिकिटंही वेगळी.

असंच एक तिकीट माझ्या लॅबमधल्या मित्राकडे जास्तीचं होतं. गुरुवार, २९ मार्च १९९०, लाँग आयलंडचं नॅसाउ कोलिझियम. मी पीएच.डी.च्या रखडलेल्या वर्षात. बरोबर सोनीचा डी-फाइव्ह कॅसेट रेकॉर्डर, त्यात दोन मोठे सेल, खिशात मॅक्सेलच्या ९० मिनिटांच्या कॅसेटी. मित्रानं उंच स्टँड जोडून वर दोन मायक्रोफोन चढवले, वायर चिकटपट्टीनं स्टँडला गुंडाळत खाली आणली आणि मला बजावलं, ‘स्टँडखाली बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, नाचायचं असेल तर मागे जाऊन.’ सभोवती तशा काठ्यांचं रानच उगवलेलं. लग्नाच्या वरातीत दिवे धरून उभे राहतात तशी माणसं, आणि सगळी गप्प.

त्या दिवशी सॅक्सोफोन वाजवायला ब्रॅनफर्ड मार्सालिस आला होता. जॅझचा माणूस. पहिल्या भागात एकाच गाण्यात वाजवून गेला. दुसऱ्या भागात पुन्हा आला तो शेवटपर्यंत राहिला. ‘आइज ऑफ द वर्ल्ड’ सुरू झालं आणि गार्सियानं एक ओळ टाकली. सॅक्सोफोननं ती उचलली, शेपूट जरा वळवून परत दिली. आपल्याकडे सवाल-जवाब रंगला की तबलजी कसा हसतो, तसा गार्सिया हसला. मला स्टँड, मायक्रोफोन, मित्र सगळ्याचा विसर पडला आणि मी मोठ्यांदा म्हणालो, ‘अरे देवा, हा काय माणूस आहे!’

मित्रानं माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढे त्या टेपच्या प्रती झाल्या, प्रतींच्या प्रती झाल्या. तेव्हाची रीत अशी की, अनोळखी माणसाला पत्र लिहायचं, कोऱ्या कॅसेटी आणि परतीच्या टपालाचे पैसे पाठवायचे, महिन्याभरात भरलेल्या कॅसेटी घरी. वर बारीक अक्षरात तारीख, गाव, गाण्यांचा क्रम आणि ही कितवी पिढी ते. प्रत्येक पिढीगणिक ‘सूंऽऽ’ असा आवाज वाढत जायचा. १९९४ मध्ये ओहायोच्या एका गृहस्थांनी मला हीच तारीख पाठवली, ‘उत्तम टेप, फक्त सुरुवातीला कोणीतरी परकीय भाषेत ओरडतो’ अशा चिठ्ठीसह. मी आभाराचं पत्र पाठवलं, खुलासा केला नाही.

‘आइज ऑफ द वर्ल्ड’ १९९० मध्येच बँडच्या अधिकृत अल्बमवर आलं होतं, आणि अख्खा कार्यक्रम २०१४ मध्ये. मी दोन्ही घेतले. सॅक्सोफोनचा श्वाससुद्धा ऐकू येतो. बायको म्हणते, आता ती खरखरणारी कॅसेट टाका. पण कॅसेट उलटताना सहा-सात सेकंद गेलीत, तिथे अजूनही माझा श्वास अडकतो. यांची दुसऱ्या भागातली गाणी एकमेकांत मिसळलेली असायची, उलटायला मोकळी जागाच मिळायची नाही. मित्र घड्याळाकडे बघत कसा घामाघूम झाला होता, ते त्या सहा सेकंदांत आहे. तेव्हा शिकायला साउंडबोर्ड घ्या, पण दुसरीला कचरा म्हणू नका. आर्काइव्हवर ऑडियन्स टेपा उतरवून घेता येतात, साउंडबोर्ड मात्र तिथेच ऐकावे लागतात.

८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम सर्वश्रेष्ठ, असं सगळीकडे वाचतो. खरंच का? — एक वाचक, पुणे

पुणेकरांना ‘सर्वश्रेष्ठ’ हा शब्द फारसा रुचत नाही, हे मी जाणतो. कार्यक्रम उत्तमच. मे महिन्यात लोक बाहेर आले तर बर्फ पडत होतं, तीही गंमत. पण तो इतका गाजण्याचं एक कारण टेप आहे. बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन या बाईंनी ती केलेली, आणि त्यांच्या कानाला तोड नव्हती. पुढे त्यांचा टेपांचा साठा भाड्याच्या गोदामात पडून राहिला, भाडं थकलं आणि १९८६ मध्ये सगळा लिलावात गेला. घेणाऱ्यांच्या हाती अमोल वस्तू आल्या, त्याही काही बुरशी धरलेल्या. त्या दुरुस्त होऊन प्रती फिरू लागल्या आणि ज्यानं त्यानं पहिली स्वच्छ टेप ऐकली ती ही. २०११ च्या यादीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्रीय ठेवा म्हणून ती घेतली. अधिकृतपणे बाजारात यायला मात्र २०१७ साल उजाडलं. त्याच मे महिन्यात आणखी चार-पाच रात्री मला तितक्याच आवडतात.

मी तबला शिकते. झाकीरभाईंचा या बँडशी संबंध होता असं गुरुजी म्हणाले. — एक वाचक, नाशिक

गुरुजी बरोबर आहेत. बँडचा एक ड्रमर मिकी हार्ट. उस्ताद अल्लारखाँसाहेबांच्या वादनानं तो १९६७ सालीच झपाटला होता. माहीमचे झाकीरभाई पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला राहायला गेले तेव्हा दोघांची गट्टी जमली. १९७६ मध्ये त्यांच्या ‘दिगा ऱ्हिदम बँड’चा अल्बम आला, त्यात दोन ठिकाणी गार्सियाची गिटार आहे. त्यातल्याच एका रचनेवर पुढे ‘फायर ऑन द माउंटन’ हे बँडचं गाणं उभं राहिलं. १९९१ च्या ‘प्लॅनेट ड्रम’ला जागतिक संगीताचं पहिलं ग्रॅमी मिळालं, त्यातही झाकीरभाई होते. १५ डिसेंबर २०२४ ला ते गेले, सॅन फ्रान्सिस्कोतच.

एक गृहपाठ देतो. ‘द इलेव्हन’ नावाचं त्यांचं गाणं आहे, अकरा मात्रांचं, ३-३-३-२. हातावर धरून बघा. १९६९ च्या ‘लाइव्ह/डेड’वर सापडेल. गुरुजींना रुद्र ताल येत असेलच, पण यात खाली शोधू नका म्हणावं, ती नाहीच.

मुलगी अमेरिकेत शिकते. अशा कार्यक्रमांना शाकाहारी माणसाला खायला काय मिळतं? — एक आई, कोल्हापूर

ताई, अमेरिकेत पार्किंगच्या जागेत माझ्याइतकं चांगलं शाकाहारी जेवण कुणी जेवलं नसेल. जुलै १९८७, न्यू जर्सीचं जायंट्स स्टेडियम, बॉब डिलन आणि हा बँड एकत्र. बाहेर गाड्यांच्या रांगांत बाजार भरलेला. कुणी रंगीत बनियन विकतंय, कुणी राजमा-भाताच्या पोळ्या गुंडाळतंय. एका मुलीनं स्टोव्हवर पावाला चीज लावून भाजून दिलं, एक डॉलर. देशात असतो तर बरोबर हिरवी चटणी मागितली असती. नंतर गर्दी हाताबाहेर गेली, बिनतिकिटांचे लोक दारं मोडू लागले आणि १९८९ मध्ये बँडनंच हा बाजार आणि तिथला मुक्काम बंद केला. आता त्या बँडची गाणी वाजवणाऱ्या इतर मंडळींच्या कार्यक्रमांबाहेर तसा बाजार पुन्हा दिसतो. मुलीला पाणी जवळ ठेवायला सांगा, अनोळखी हातचं खाऊ नको म्हणा, आणि परतीच्या गाडीचं आधी ठरवू द्या.

आजोबांनी १९७० च्या दशकात घरगुती मैफिलींच्या कॅसेटी केल्या होत्या. चाळीसेक आहेत. काही अडकतात. मध्ये लोकांच्या बोलण्याचे, कपबशांचे आवाज आहेत. संगणकावर घेताना ते काढून टाकावेत का? — एक वाचक, मिरज

आधी एकही कॅसेट लावून बघू नका. अडकणाऱ्या कॅसेटीत बऱ्याचदा फीत सैल झालेली असते. पेन्सिल घालून हातानं हळूहळू गुंडाळा. आतला नमद्याचा छोटा तुकडा गळून पडला असेल, तर जाणकाराकडून फीत दुसऱ्या डबीत घालून घ्या. कॅसेट प्लेअरचं हेड, म्हणजे फीत जिथे घासून जाते तो भाग, स्पिरिटनं पुसा. आवाज दबका वाटला तर हेडचा कोन फिरवून बघणारा माणूस शोधा, निम्म्या कॅसेटी त्यानंच उजळतात. भरताना २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. मूळ फाइल तशीच राहू द्या, जी काही सफाई करायची ती प्रतीवर करा. आणि संगणकावर आलं म्हणून कॅसेट फेकू नका.

आवाज काढण्याबद्दल माझं मत तुम्हाला वर कळलंच असेल. कपबशा राहू द्या. ‘वा’ राहू द्या. कुणी मध्येच ‘दार लाव रे’ म्हणालं असेल, तर तो कुणाचा आवाज हे ओळखणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या, आणि तारखेखाली तेही लिहून ठेवा.