ताट पुढं आलं की मी उठून जाते

प्रश्न : सलाम. मी नाशिकरोडला राहते, संडे स्कूल घेते. सासूबाईंना विस्मरणाचा आजार होता, रात्र रात्र झोपायच्या नाहीत, एकच विचारायच्या, माझी पेटी कुठंय, माझी पेटी कुठंय. एका रात्री माझा तोल गेला आणि मी त्यांचा हात जोरात पिरगाळला. त्या ओरडल्या नाहीत, नुसतं बघत राहिल्या. सकाळी मनगटावर वळ होता, घरात सांगितलं दाराला लागलं. पुढं काही महिन्यांनी त्या गेल्या. तेव्हापासून मी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस, घेतलेलं नाही, त्याचं ताट पुढं आलं की पोरांना बघायच्या निमित्ताने बाहेर जाते. बायबलमधल्या पौलाच्या करिंथच्या पत्रात हे भोजन अयोग्य रीतीने खाणाऱ्याबद्दल लिहिलंय त्याची भीती वाटते. शेजारीण म्हणते बाळ येशूच्या यात्रेला नवस बोल. मनात सारखं येतं, तू ढोंगी आहेस, पोरांना काय शिकवतेस. शिकवणं सोडू का?

उत्तर : ताई, सलाम. एक आधीच सांगतो, "अहो एवढं काय त्यात, सगळ्यांचंच होतं" असं मी म्हणणार नाही. तुमच्या मैत्रिणी म्हणतील, प्रेमाने म्हणतील, पण तुम्हाला ते पटणार नाही कारण तो वळ तुम्ही बघितलाय. चूक झाली, वर खोटंही बोललात. रात्र रात्र जागरण करून माणूस पार पिचतं हेही तितकंच खरं, पण ते कारण झालं, माफी नव्हे. आणि माफी ज्याची गरज असते त्याचीच होते ना.

आता ती करिंथची भीती. १ करिंथ ११ नीट वाचा, २७ व्या वचनापासून नको, १७ पासून वाचा. तिथं झालं होतं काय की मंडळी एकत्र जमायची आणि ज्याच्याकडे होतं तो आधीच जेवून घ्यायचा, कोणी पिऊन तर्र, आणि गरीब बिचारे उपाशी. पौल चिडलाय तो ह्या वागण्यावर. रडत, पस्तावून येणाऱ्या बाईवर नाही. आणि २८ वं वचन तर लोक अर्धंच धरतात. माणसाने स्वतःची परीक्षा करावी, आणि मग खावं, असं आहे ते. परीक्षा करून उठून जावं असं कुठंय? तुमची परीक्षा केव्हाच झालीये, तुम्ही खाणं तेवढं बाकी ठेवलंय.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं बघा. येशूला धरून नेलं त्या रात्री मुख्य याजकाच्या वाड्यात कोळशाच्या शेकोटीपाशी उभा राहून तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. योहान २१ मध्ये तिबिर्या समुद्राच्या किनाऱ्यावर परत कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी, आणि प्रभू म्हणतो या, न्याहारी करा. "माझ्यावर प्रीती करतोस का" हा प्रश्न न्याहारी झाल्यावर आला, तोही तीनदा, म्हणजे विषय टाळला नाहीच, पण आधी जेवू घातलं. मला तर ह्या क्रमाचं फार नवल वाटतं. मेंढरं, म्हणजे आपली माणसं, सांभाळायचं काम त्यानंतर दिलं, आणि ते नाकारणाऱ्यालाच दिलं, त्यामुळे संडे स्कूल अजिबात सोडू नका.

मनातल्या त्या आवाजाबद्दल. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा नेमकं बोट ठेवतो, की हे केलंस, आता कबूल कर, आणि पुढे वाट दाखवतो. "तू ढोंगीच आहेस" म्हणणाऱ्याकडे वाट नसते, तो नुसता गोल गोल फिरवतो. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा मार्टिन लूथर १५०५ साली मठात गेला, तिथं तो असाच कबुलीजबाब देऊन देऊन थकला होता, तासन् तास, आणि बाहेर पडला की आणखी काहीतरी आठवायचं. स्वतःला कितीही झोडपलं तरी पुरेसं होत नाही हे त्याला फार उशिरा उमगलं. रोमकरांस ८ चं पहिलंच वचन, ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही, ते आपलं मन स्वच्छ वाटेल तेव्हाच लागू होतं असं नाही. १ योहान ३:२० तर सरळ म्हणतं की मन दोष देत असलं तरी देव मनापेक्षा थोर आहे.

यात्रेला फेब्रुवारीत खुशाल जा, नाशिकरोडला राहून न जाण्यात काय अर्थ आहे, पण त्या हाताचा हिशोब चुकता करायला म्हणून नको. तो हिशोब वधस्तंभावर चुकता झालाय.

मिस्टरांना मात्र सांगा. त्यांच्या आईची गोष्ट आहे, ते रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत कदाचित, तरी सांगा. एकदम जमत नसेल तर आधी पाळकसाहेबांशी बोला. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगूच नये असं वाटत असेल तर डॉक्टरला दाखवा, मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं.

आणि विस्मरणाचं माणूस सांभाळणारं एखादं घर तुमच्या मंडळीत असेल तर एखाद्या रात्री तिथं जाऊन बसा, त्या सुनेला झोपू द्या, तिची हालत तुमच्याइतकी कोणाला कळणार. फक्त आधी प्रभुभोजन घ्या, मग जा.