वही आधी परत द्या

पत्र थोडक्यात असं: मुलगी अकरावीत आहे, दहावीला उत्तम गुण मिळाले. तिला इकॉलॉजी, म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याचं शास्त्र, शिकायची आहे. वडील लिहितात, "एका झुडपासमोर तासन्‌तास बसते आणि कोणते कीटक आले ते वेळ टाकून लिहिते. कोणी आलं नाही तर तेही लिहिते! शेवटी मी वही काढून घेतली. नीटवर लक्ष राहावं म्हणून गणितही सोडायला सांगितलंय. निसर्गप्रेम छंद म्हणून ठीक आहे, पण हे खूळ तिच्या डोक्यातून कसं काढावं?"

खूळ कसं काढावं ते मी सांगणार नाही, कारण तुमच्या पत्रात मला खूळ दिसलंच नाही. वही काढून घेतल्याचं वाचून मात्र फार वाईट वाटलं. ज्या नोंदीपुढे तुम्ही उद्गारचिन्ह टाकलंत, ती तिच्या वहीतली सर्वांत मोलाची नोंद आहे. फक्त आलेल्या कीटकांची यादी केली, तर झुडूप सदा गजबजलेलं असतं असंच वाटेल. गार, ढगाळ सकाळी कोणी फिरकत नाही आणि ऊन चढलं की वर्दळ वाढते, हे रिकाम्या वेळांची नोंद असेल तरच कळतं. सजीव आणि त्याचा परिसर यांचं नातं शोधायचं ते असंच. "शून्य" प्रामाणिकपणे लिहायची सवय पदवीच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम लावावी लागते. तुमच्या मुलीला ती कुणी न सांगता लागली आहे.

तुम्हाला तिच्या भवितव्याची धास्ती वाटते, ते मी समजू शकतो. पण वही गेली तेव्हा तिला काय कळलं असेल? मी मन लावून जे करते ते घरात लपवून करावं लागतं, एवढंच. अभ्यास टाळणारी मुलं मी पाहतो, ही त्यातली नाही. धाकापोटी ती नीट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा पासही होईल. पुढे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं एमबीबीएस तिला मनाविरुद्ध करावं लागेल आणि ते मनापासून हवं असलेल्या दुसऱ्या एखाद्या मुलाची जागा जाईल. यात कुणाचं भलं आहे?

आता "निसर्गप्रेम" या समजाबद्दल. रॉबर्ट पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने समुद्रकाठच्या खडकांच्या एका पट्ट्यातून तारामासे सतत काढून टाकले आणि शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामासा शिंपले खाणारा शिकारी. शिकारी गेला म्हणजे बाकीचे सुखात नांदतील, असं कुणालाही वाटेल. झालं उलटंच. शिंपल्यांनी जागा बळकावली आणि तिथल्या 15 प्रजातींच्या 8 उरल्या. 1966 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. नुसत्या प्रेमाने हे कळलं नसतं, त्यासाठी तुलना आणि मोजणी लागली. आणि मोजणी म्हणजे गणित. तळ्यात मासे किती, हे तळं न उपसता कसं सांगाल? 100 मासे पकडून खूण करून सोडा. ते नीट मिसळले की पुन्हा 60 पकडा. त्यात 12, म्हणजे पाचवा हिस्सा, खुणेचे निघाले, तर खुणेचे 100 हा सगळ्या माशांचा पाचवा हिस्सा, म्हणजे तळ्यात अंदाजे 500 मासे आहेत. मधल्या काळात काही मेले असतील, काही पुन्हा जाळ्यात यायचं टाळत असतील, तर हा अंदाज किती चुकेल? तिथून संख्याशास्त्र सुरू होतं आणि या विषयात ते शेवटपर्यंत सुटत नाही. जीवशास्त्राला गणित कशाला, हा समज आधी मनातून काढा.

वाट सोपी आहे असं मी म्हणणार नाही. नुसत्या पदवीवर कामं कमी आहेत. बहुतेकांना एमएस्सी, अनेकांना पीएचडी करावी लागते, आणि पहिली काही वर्षं कमाई बेताची असते. पण काम फक्त जंगलातच असतं असंही नाही. पिकावरची कीड, डासांमुळे पसरणारे आजार, मासेमारीची मर्यादा, प्रकल्पांच्या परिणामांची तपासणी, सगळीकडे हेच ज्ञान लागतं. हे तिला स्वच्छ सांगा, ती ऐकून घेईल. एखाद्या सुट्टीत संशोधकांबरोबर उन्हातान्हात काम करू द्या. त्यानंतरही तिला हेच हवं असेल, तर तिच्या आड येऊ नका.

परीक्षांचं एका वाक्यात सांगतो: नीटला गणित नसतं, पण आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षेत ते जीवशास्त्राइतकंच असतं. म्हणजे गणित सोडलं तर तिची एक चांगली वाट तुम्ही तिला न विचारता फार अवघड करून ठेवताय. विषय बदलायचा अर्ज दिला असेल, तर तो मागे घेता येतो का, हे उद्याच कॉलेजात जाऊन विचारा. जाताना तिलाही बरोबर न्या.