लहानपणी जबरदस्तीने भरवलं तर मोठेपणी खाण्याच्या सवयींवर परिणाम होतो का?

हो, होऊ शकतो, विशेषतः पोट भरल्याची जाणीव ओळखण्यावर. तान्हं बाळ पोट भरलं की तोंड फिरवतं. आपण मात्र ‘एक घास चिऊचा, एक घास काऊचा’ करत किंवा मोबाइल दाखवत वाटी रिकामी होईपर्यंत भरवतो. असं रोज घडलं की जेवण कधी थांबवायचं हे पोटाऐवजी ताट ठरवायला लागतं. मोठेपणी भूक नसतानाही शेवटची पोळी संपवली जाते, ती अनेकदा त्यातूनच.

अमेरिकेत लिअॅन बर्च यांनी मुलांच्या खाण्यावर अनेक वर्षं संशोधन केलं. ‘संपव, संपव’ असा धोशा लावला की मुलं तो पदार्थ कमी खातात आणि त्याबद्दल नाराजीने बोलतात, हे त्यांच्या चमूला सूप देऊन केलेल्या प्रयोगात दिसलं. उलट एखादा खाऊ समोर ठेवून त्याला हात लावू दिला नाही, तर मुलांचं सगळं लक्ष त्याच्यावरच जातं. म्हणून ‘कारलं संपवलंस तर चॉकलेट’ हा सौदा दोन्हीकडून नुकसानीचा: कारलं शिक्षा ठरतं, चॉकलेट बक्षीस. त्यापेक्षा कारल्याच्या दोन काचऱ्या ताटात वाढा आणि काही बोलू नका. नवी चव आवडायला आठ-दहा वेळाही लागू शकतात.

फक्त सगळा दोष आईवडिलांच्या माथी मारू नका. नवे पदार्थ नाकारण्याच्या स्वभावात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे जुळ्या मुलांच्या अभ्यासांत दिसलं आहे. आणि मुलाचं वजनच वाढत नसेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.