बीएनएचएस फक्त इंग्रजांनी सुरू केली होती का?

नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. त्यातले सहा युरोपीय, दोन आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग (प्रार्थना समाजवाले तेच) आणि डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. ही दोन नावं सहसा कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या संग्रहालयात व्हायच्या, आजचं भाऊ दाजी लाड. पुढे फोर्टात फिप्सन या दारूच्या व्यापाऱ्याने जागा दिली. १८८६ पासून जर्नल निघू लागलं, ते अजून चालू आहे.

सोसायटीच्या बोधचिन्हातला धनेश पक्षी मात्र खरा होता बरं का! विल्यम नाव, १८९४ मध्ये कारवारहून पिल्लू म्हणून आला आणि १९२० पर्यंत सोसायटीच्याच जागेत राहिला.

पक्षीतज्ज्ञ सलीम अली लहानपणी पहिल्यांदा सोसायटीत गेले ते छर्‍याच्या बंदुकीने मारलेली, पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला. सचिव मिलार्ड यांनी ती ओळखली, वर भुसा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखवला.